कोरडे हात

फवाऱ्याची कळ सोडून मिटवे एक पाऊल मागे सरला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत रंगही मागे सरला. मोटारीच्या दारावर, हँडलच्या चार बोटं खाली, ओल्या रंगात टाचणीच्या डोक्याएवढा एक गोल उघडला. मग त्याच्या शेजारी दुसरा, मग जरा वर तिसरा. भोक म्हणावं तर भोक नव्हतं. रंगाने तेवढी जागा आपणहून सोडून दिली होती आणि तो कडेने अंग चोरून उभा राहिला होता. बाकावर नको तो माणूस येऊन बसला की शेजारचे सरकून घेतात तसा. गॅरेजात याला 'रंगाला डोळे आले' म्हणत. मिटव्याने असले डोळे दुसऱ्यांच्या कामात पुष्कळ पाहिले होते, आणि धडधाकट माणूस आजाऱ्याविषयी करतो तशी हळहळही केली होती. स्वतःच्या फवाऱ्याखाली ते उघडलेले त्याने शिकाऊ असताना पाहिले असतील तेवढेच. फवारा हातात धरून तो तसाच उभा राहिला. मागे हवेचा पंप धडधडत होता. तो बंद करावा असं त्याला वाटलं, पण त्यासाठी वळावं लागलं असतं, आणि ते डोळे आपल्याकडे बघत असताना पाठ फिरवणं त्याला जमेना.

मिटवे हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव गॅरेजच्या मालकीणबाईंना ठाऊक असावं, आणि अलीकडे बायकोला. बाकी सगळ्यांना तो गाडीवरचे ओरखडे मिटवतो म्हणून मिटवे, एवढं पुरत होतं. अपघाताच्या मोठ्या गाड्या त्याच्याकडे येत नसत. पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर निराळा, तो पलीकडच्या शेडमध्ये दिवसभर ठणठण करायचा. मिटव्याकडे यायचं ते सगळं किरकोळ. खडा उडून गेलेला टवका, कोणी किल्ली ओढल्याची रेघ, फाटकाच्या खांबाने घेतलेला चावा. पण हे किरकोळ घेऊन येणारी माणसं असा चेहरा पाडून यायची की जणू गाडीखाली कोणी आलंय. 'ओरखडा पत्र्याला नखभर आणि घरात हातभर,' असं डेंटर म्हणायचा, आणि ते खरं होतं. नवऱ्याला कळायच्या आत, बायकोला कळायच्या आत, थोरल्या भावाला कळायच्या आत काम हवं असायचं. ही राखाडी गाडीही तसलीच. सून घेऊन आली होती, गाडी सासऱ्यांची. सासरे लेकीकडे गेले होते आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचे होते. मिटव्याने नेहमीचा धीर दिला, की रागावतील थोडे, होतं असं. तर ती म्हणाली, "रागावणार नाहीत हो. काहीच बोलणार नाहीत. तेच तर." मिटव्याला हे लगेच समजलं, आणि समजलं याचंच त्याला नवल वाटलं. वर्षापूर्वी समजलं नसतं. वर्षापूर्वी त्याच्या घरात न बोलणारं दुसरं माणूसच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने ओला रंग पुसून काढला आणि दुसऱ्या दिवशी सगळं मुळापासून केलं. आधी दार धुतलं, मग बारीक कागदाने पाण्याखाली घासलं, पुसलं, पुन्हा पुसलं, आणि शेवटी, जसं तो इतकी वर्षं करत आला होता तसं, डोळे मिटून उघडा तळहात पत्र्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. हे त्याला उस्तादाने शिकवलं होतं. उस्ताद म्हणजे बुटका, तिरसट, विडी विझलेली असतानाही ओढत राहणारा माणूस, तो म्हणायचा, "डोळा लबाड असतो. त्याला जे हवं ते तो बघतो. बघायचं असेल तर हाताने बघ." मालकीणबाईंनी मागे एकदा पातळ निळ्या हातमोज्यांचं खोकं आणून फळीवर ठेवलं होतं, थिनरने हातांची सालं निघतात म्हणून. बाकीचे वापरायचे. मिटव्याने एकदा घालून पाहिले आणि आंधळ्यासारखा चाचपडला. रबराला उंचवटाही कळत नाही आणि खड्डाही. खोकं फळीवरच राहिलं, मिटव्याचे हात भेगाळत राहिले, आणि त्याच्या कामाकडे बोट दाखवायला कोणाला जागा राहिली नाही. या सौद्यात आपला तोटा झाला असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तळहाताने दार बघून झालं. दार स्वच्छ होतं, सपाट होतं, थंडगार होतं. त्याने फवारा उचलला. रंग बसला, चमकला, आणि मग कालच्यापेक्षा जास्त डोळे उघडले.

रंगाला कशाचं वावडं असेल तर तेलाचं. तेल, मेण, मलम, टायर चकाकवायचं पाणी, यातलं काहीही, नुसता बोटाचा ठसा उमटण्याएवढंही पत्र्यावर राहिलं, तरी माणसाच्या डोळ्यांना दिसणार नाही पण रंगाला दिसतं. तेव्हा आता गॅरेजभर तेल शोधायचं आलं. मालकीणबाई गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवून स्वतः उतरल्या. पंपाच्या नळीतून हवेबरोबर तेल येतं का म्हणून पांढऱ्या फडक्यावर हवा सोडून बघितली; फडकं पांढरंच. पुसायची फडकी बदलली. गाड्या धुण्याच्या जागेवरची चकचकीत करायची बाटली उचलून कपाटात कुलूपबंद झाली. असं डोळ्यांत तेल घालून तेल शोधता शोधता सगळ्यांची नजर एकाच वेळी डेंटरच्या डोक्यावर गेली. डेंटर पन्नाशीचा, अंगाने रेड्यासारखा, पण केसांच्या बाबतीत नवरदेव. रोज सकाळी तो सुगंधी तेलाने केस असे चापून बसवायचा की हातोडीच्या दणक्यानेही एक बट हलत नसे. आणि दिवसातून दहा वेळा तो मिटव्याच्या शेडमध्ये डोकवायचा, काम नसताना, गप्पांसाठी. मालकीणबाईंनी त्याला सांगितलं की डोक्याला फडकं बांध, आणि रंगाच्या शेडची पायरी चढू नकोस. डेंटर हातोडी ठेवून निघाला. नळाखाली बसून त्याने धुण्याच्या साबणाने डोकं धुतलं आणि उभा राहिला तेव्हा त्याच्या टाळूचा विरळपणा सगळ्या गॅरेजला दिसला. तो एवढंच म्हणाला की केस गेले तरी चालतील, आळ नको. मिटव्याला हसू आलं नाही, आणि आपल्याला हसू का येत नाही हे त्याला कळलं नाही.

घरी जाताना तो हेच घोळवत गेला. तिसऱ्या मजल्यावरची ती दोन खोल्यांची जागा, जिच्यात तो आईबरोबर राहिला, मग आईशिवाय राहिला, आणि गेले सहा महिने बायकोबरोबर राहत होता. बायको पहिल्यांदा या घरात आली ती बायको म्हणून नव्हे. आईच्या अखेरच्या दिवसांत ती दिवसपाळीला यायची, म्हाताऱ्या माणसांचं करणं हाच तिचा व्यवसाय. सडसडीत, विधवा, पायात आवाज न करणारे बूट. मिटवे तिला 'बाई' म्हणायचा. ती आईला पुसायची, भरवायची, आणि दुपारी आईचा सुरकुतलेला हात मांडीवर घेऊन त्याला मलम चोळायची. सावकाश, एकेक बोट, नखांच्या कडेने, मग मनगटापर्यंत. म्हाताऱ्यांची कातडी कोरडी झाली की फाटते, असं तिने सांगितलं होतं. एकदा मिटवे सुट्टीच्या दिवशी दारात उभा राहून ते बघत होता आणि त्याला आईचा हेवा वाटला. मरणाच्या दारात असलेल्या आईचा हेवा. मग त्या हेव्याची इतकी लाज वाटली की तो उगाच खाली जाऊन दूध घेऊन आला, घरात दूध असताना. आई गेल्यावर वर्षभराने ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, मध्ये पडून हे जुळवलं. 'तुला कोणी सांभाळायला नको असेल, पण तुझ्यासाठी कोणी जिना चढतंय हे ऐकायला तरी हवं ना,' असं ताई म्हणाली होती. लग्न झालं, सह्या झाल्या, आणि 'बाई' म्हणणं बंद झालं. नाव तोंडात बसेना. म्हणून तो तिला काहीच म्हणत नसे. चहा झाला का, दार लावलं का, असं हवेत सोडून द्यायचा, आणि ती ते हवेतून उचलायची.

थंडी पडली तेव्हा एके संध्याकाळी जेवणानंतर तिची नजर टेबलावर पडलेल्या त्याच्या हातांवर गेली. भेगा होत्याच, भेगांमध्ये जुने रंग जाऊन बसले होते, एकीत लाल, एकीत कसल्याशा निळ्याचा धागा. ती उठली. आत जाऊन एक ट्यूब घेऊन आली, खुर्ची ओढून शेजारी बसली आणि दुरुस्तीला आलेली वस्तू उचलावी तसा त्याचा उजवा हात उचलला. मिटव्याला कुठे बघावं कळेना. तो छताकडे बघत बसला. आठवायचा प्रयत्न केला तर त्याला आठवलं की गेल्या कित्येक वर्षांत त्याला हात लावला असेल तो न्हाव्याने, आणि आईने. आईने म्हणजे न्हाणीपर्यंत जाताना पडू नये म्हणून धरला तो. या हाताला कशाचाच आधार नको होता. तो नुसताच आला होता. एकेक बोट, नखांच्या कडेने, मग मनगटापर्यंत. उजवा झाल्यावर तिने डावा मागितला, तेव्हा तो द्यायला त्याला इतकी घाई झाली की पाण्याचा पेला कलंडला. तेव्हापासून रोज. जेवण झालं, भांडी झाली, की ट्यूबचं झाकण उघडल्याचा बारीकसा आवाज यायचा. दिवसभर तो काम करायचा, पण दुपारनंतर कधीतरी त्याच्या हातांना आपोआप त्या आवाजाची आठवण यायची. आता तो छताकडे बघत नसे. तिच्या कपाळाकडे बघायचा, चोळताना तिथे एक आठी पडायची, आणि तो पुरता सुखात असायचा. असं सुखात असणं कोणाला सांगायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो गॅरेजात सगळ्यांच्या आधी पोचला. नळ सोडला, हात धुवायला खाली धरले, आणि थबकला. पाणी हातावर टिकत नव्हतं. तळहातावर पडलेल्या पाण्याचे मणी होत होते, गोल, टपोरे, एकमेकांना न शिवणारे, आणि हात कलता करताच ते सगळे घरंगळून जात होते. मिटव्याने हे मणी हजारदा पाहिले होते. नुकतंच मेण लावून घासलेल्या बॉनेटवर पाणी टाकलं की अगदी असेच मणी उभे राहतात. गिऱ्हाईक खूश होतं, आणि मिटवे म्हणतो की आता याच्यावर रंग धरणार नाही बरं का, आधी हे उतरवावं लागेल. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. गेले काही आठवडे फवाऱ्याचं काम आलंच नव्हतं, सगळी घासूनपुसून भागणारी कामं, नाहीतर बारीक ब्रशने एकेक टवका भरायचा. ही राखाडी गाडी थंडीतलं पहिलं फवाऱ्याचं काम. आणि प्रत्येक वेळी, दार धुऊन, पुसून, आरशासारखं झाल्यावर, शेवटचा हात त्याचा. काखेत कळसा म्हणतात तो असा. पंप तपासला, फडकी बदलली, डेंटरचं डोकं भादरायची वेळ आणली, आणि तेल होतं ते ज्या हातावर त्याचा देवासारखा विश्वास होता त्या हातावर. नळ वाहत होता. त्याला लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण तिच्या खालून, पुसलेल्या पत्र्यावर तेल यावं तसं दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते दाबता येईना. आपल्यावर कोणाचा तरी हात फिरतो हे रंगालासुद्धा कळलं होतं.

त्याने ठरवलं असतं तर गुपचूप साबण घासून मोकळं होता आलं असतं. मिटवणं हा तर त्याचा धंदाच. पण पलीकडच्या शेडमधून ठणठण ऐकू यायला लागली, नेहमीपेक्षा हलकी, आणि डोक्याला फडकं बांधलेला डेंटर आज डोकावला नाही. मिटवे उठून त्याच्याकडे गेला, मालकीणबाईंनाही बोलावून घेतलं, आणि नळाखाली हात धरून दाखवला. मण्यांकडे बघून मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. डेंटरने विचारलं की हे काय लावतोस तू, आणि मिटवे म्हणाला की मी नाही लावत. एवढ्यावरून डेंटरला सगळं समजलं. त्याच्या रेड्यासारख्या अंगात हसू आधी पोटात उठलं, मग खांद्यांत आलं. "म्हणजे बायकोने हात धरला आणि रंग लाजला," तो म्हणाला, आणि डोक्याचं फडकं सोडून त्याने डोळे पुसले. आळ गेला याचा आनंद मोठा की हा विनोद मिळाला याचा, हे सांगता आलं नसतं. दुपारपर्यंत तो विनोद शेजारच्या टायरवाल्यापर्यंत पोचला होता. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हातमोजे आहेत. मिटवे म्हणाला की हातमोज्यातून दिसत नाही. "मग घरी सांगा," त्या म्हणाल्या, "की मलम बंद. सोपं आहे." आणि निघून गेल्या.

सोपं नव्हतं. मालकीणबाईंना त्याची बायको ठाऊक नव्हती. ती एखादी गोष्ट एकदाच विचारायची. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात तिने विचारलं होतं की समोरच्या खिडकीला पडदे लावू या का. मिटवे तेव्हा बुटाची नाडी बांधत होता, तो म्हणाला, कशाला. त्याच्या 'कशाला'त काही नव्हतं. खिडकीला कधीच पडदे नव्हते, एवढंच होतं. पण पडद्यांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. खिडकी उघडीबोडकी, समोरच्या जिन्यावरून जाणारा-येणारा आत बघायचा, ती तिकडे पाठ करून बसायची. तिने राग धरला नव्हता. आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन काम केलेलं माणूस ते. नको म्हटलं की नको, पुन्हा विचारणं तिला आगाऊपणाचं वाटत असणार. मिटव्याने तेव्हापासून मनात कितीदा तरी पडदे लावले होते. पण मनातले पडदे कोणाला दिसतात? आणि आता मलमाला नको म्हणायचं. नको म्हटलं की झाकण बसणार ते कायमचं, आणि उरलेल्या आयुष्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्याला तिच्या पाठीकडे बघत काढाव्या लागणार. गाडीचं काम की हा हात, असं कोणी त्याला सरळ विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं? त्याने स्वतःला विचारून पाहिलं आणि उत्तर ऐकून तो दचकला, कारण गाड्यांच्या बाजूला इतकी वर्षं होती आणि दुसऱ्या बाजूला एक थंडी.

तरी सांगावं लागलंच. जेवण झालं, भांडी झाली, झाकण उघडल्याचा आवाज आला. त्याने हात टेबलाखालीच ठेवले. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, ती आयत्या वेळी एकही हाताशी आली नाही. मग त्याने दाराची, डोळ्यांची, डेंटरच्या केसांची, पाण्याच्या मण्यांची सगळी हकिगत सांगितली, लांबण लावून, आणि शेवटाला येऊन थांबला. ती ऐकत होती. डेंटरने डोकं धुतलं तिथे किंचित हसलीही. मग तिने विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

"मलमामुळे," तो म्हणाला.

"आधी सांगायचं ना. तीन दिवस कामाचा खोळंबा केलात." तिने झाकण बसवलं. "बरं. राहू दे." आणि ट्यूब आत ठेवून आली, खुर्ची होती तिथे नेऊन लावली, आणि खिडकीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचायला बसली. आवाजात काही नव्हतं. ते नसणंच मिटव्याला नको होतं. निदान ती म्हणाली असती की मग भेगा पडतील, दुखेल, तुमचं तुम्ही बघा. तो जागच्या जागी बसून राहिला, हात टेबलावर काढून ठेवले, उगाच, कोणी उचलले तर उचलले.

गुरुवारी त्याने साबण, सोडा, थिनर, या सगळ्याने हात घासले, पाणी तळहातावर पसरेपर्यंत, कातडीला चिकटून खाली वाहेपर्यंत. दार पुन्हा पहिल्यापासून केलं. डोळे मिटून हात फिरवला. फवारा मारला आणि श्वास धरून उभा राहिला. त्याच्या मागे, शेडच्या पायरीवर, केसांना पुन्हा तेल लावलेला पण पायरी न ओलांडणारा डेंटरही श्वास धरून उभा होता. रंग बसला आणि बसूनच राहिला. सकाळी निळसर आणि दुपारी कोरड्या दगडासारखा दिसणारा तो अवघड राखाडी रंग जुन्या रंगात असा मिसळला की शिवण कुठे ते देवालाही दाखवता आलं नसतं. डेंटरने जीभ टाळूला लावून टक् असा आवाज काढला. याहून मोठी पदवी त्याच्याकडे नव्हती. मिटव्याला बरं वाटलं. काम चोख झालं की बरं वाटतंच, जित्याची खोड. शुक्रवारी त्याने घासून चमक आणली. पण दुपारनंतर हातांना त्या आवाजाची आठवण आली, आणि भेगा पुन्हा उघडायला लागल्या होत्या त्यांत पॉलिश जाऊन झोंबलं. संध्याकाळी घरी वर्तमानपत्र. शेजारच्या गावी पूल झाला, असं तिने वाचून दाखवलं. तो म्हणाला, झाला का. इतकं बोलणं झालं.

शनिवारी सून गाडी न्यायला आली. दारापाशी वाकून, डोकं इकडून तिकडून करून, उजेडात आणि सावलीत शोधूनही तिला ती जागा सापडली नाही. इतर गिऱ्हाइकं अशा वेळी सुटल्यासारखी हसतात. ती हसली नाही, तिने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली की आता आज त्यांना सांगून टाकते. मिटव्याला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. त्याने विचारलं की सांगायचंच होतं तर मिटवलं कशाला. "मिटवलं म्हणून तर सांगता येईल," ती म्हणाली. "ओरखडा समोर असता तर ते त्याच्याकडेच बघत बसले असते. मी काय म्हणतेय ते ऐकूच आलं नसतं." मग जरा थांबून म्हणाली, "घरात कोणीतरी आधी बोलायला पाहिजे ना." गाडी फाटकाच्या खांबाला भरपूर अंतर ठेवून बाहेर पडली. मिटवे तिच्याकडे बघत बराच वेळ उभा होता. मग शेडमध्ये जाऊन त्याने फळीवरचं धूळ बसलेलं खोकं खाली काढलं. हातमोज्यांचा एक जोड न्यायला मालकीणबाईंची परवानगी मागितली तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या; पण हो म्हणाल्या.

त्या संध्याकाळी जेवण झालं, भांडी झाली. ती वर्तमानपत्र उलगडायच्या आत मिटवे आत गेला आणि ट्यूब शोधून बाहेर आला. तोवर त्याच्या हातांत ते निळे पातळ हातमोजे चढले होते, जरा तोकडे, बोटांच्या टोकांशी सुरकुतलेले. त्याने खुर्ची ओढून तिच्या शेजारी लावली. "खिडकीला पडदे लावू या," तो म्हणाला. हे त्याला नंतर म्हणायचं होतं, पण आधी निघून गेलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, हातांकडे, पुन्हा तोंडाकडे.

"हात," तो म्हणाला.

"कशाला?"

"द्या तर."

तिने दिला. इतक्या लोकांचे हात मांडीवर घेणाऱ्या बाईला स्वतःचा हात कसा द्यावा हे ठाऊक नव्हतं. तो ताठ, तपासायला दिल्यासारखा, मूठ अर्धी मिटलेली. मिटव्याने मूठ उघडली. दिव्याचा उजेड तिरपा पडत होता, आणि तिरप्या उजेडात पृष्ठभाग वाचायची त्याला जन्माची सवय. अंगठ्याच्या बुडाशी इस्त्रीचा जुना चटका. बोटांच्या पेरांवर साबणाने उडालेले चट्टे. मनगटाजवळ कोणा म्हाताऱ्याने घाबरून रोवलेल्या नखांच्या पुसट कोयऱ्या. तिच्या हातांनाही भेगा होत्या, त्याच्याएवढ्याच. थंडीभर हे हात त्याच्या हातांवर फिरत होते आणि त्याने ते कधी उलटून पाहिले नव्हते, याचं त्याला फार वाईट वाटलं. तो चोळू लागला. एकेक बोट, नखांच्या कडेने, जसं तिचं पाहिलं होतं तसं. रबर सटकत होतं, मलम जास्त झालं होतं, एका बोटावरून दुसऱ्यावर जाताना हातमोजा चुईं करत होता. ती हसू दाबत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि दोन्ही ती लपवत नव्हती.

"कळतंय का काही त्याच्यातून?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग काढा."

"हाताला लागेल. पुन्हा रंगाचं..."

"उद्या रविवार आहे."

मिटवे बघत राहिला. रविवार दर आठवड्याला येतो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोमवारी सकाळी नळाखाली हात धरून बघता येईल. मणी झाले तर घासता येतील. त्याने एक हातमोजा ओढला, तो उलटा होऊन निघाला. दुसरा अंगठ्याशी अडला तो तिने सोडवला. मग त्याने उघडा तळहात तिच्या तळहातावर ठेवला, आणि सवयीने डोळे मिटले. समोरच्या जिन्यावरून कोणीतरी चढत गेलं. तिने पाठ फिरवली नाही.

"झोप आली का?" जरा वेळाने तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बघतोय."